दोन फ्रॅक्चर आणि चार तारा: जबडा बांधलेल्या एका पेशंटची पूर्ण केस

मोडलेला जबडा तारेने बांधायचा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांना बांधून तोंड बंद ठेवायचं म्हटलं की सगळे एकच विचारतात, तार कशी बांधायची. आमचे ज्युनिअर पण तेच विचारतात, पेशंटचे नातेवाईक पण मोबाईलवर त्याचेच व्हिडिओ बघून आलेले असतात. बांधणं हे शेवटी हाताचं काम आहे, पंचवीस-तीस केस केल्या की बोटांना सवय होते. सोडायची कधी, तिथे मात्र आम्हा डॉक्टर लोकांचं पण चुकतं, आणि या केसमध्ये तोच सगळा खेळ होता म्हणून ती नीट लिहून काढतेय. पेशंटची ओळख पटेल असे तपशील गाळलेत किंवा बदललेत, त्याची परवानगी आहे. उलट तो म्हणाला "लिवा की मॅडम, आमच्याकडं अजून दहा जण पडतील."

पेशंट एकोणतीस वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला, भाजी मार्केटमध्ये पहाटे लिलाव पुकारायचं काम. म्हणजे ह्या माणसाचं पोट तोंडावर. फेब्रुवारीतली रात्र, उसाचा सीझन, पुढे ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि मागच्या ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ह्याने शेवटच्या क्षणी गाडी वळवली, ट्रॉली चुकली पण खडीवर चाक घसरलं आणि हा हनुवटीवर आपटला. हेल्मेट होतं, हँडलला अडकवलेलं.

रात्री दीडला मला फोन आला. मी पोचले तेव्हा सीटी करून झालेला होता, डोक्यात काही नाही, कवटीच्या तळाला पण काही नाही (हे का महत्त्वाचं ते पुढे येईल). हनुवटीच्या उजव्या बाजूला तीन सेंटिमीटरची जखम, तोंडातून रक्तमिश्रित लाळ, आणि पेशंट बसूनच होता, आडवा व्हायला तयार नव्हता. खालचा जबडा मोडलेल्या माणसाला उताणं झोपवायचा हट्ट करू नये, जीभ मागे जाते, त्याला जसं बरं वाटतं तसं बसू द्यावं. कॅज्युअल्टीतले लोक हे घाईत विसरतात.

मी त्याला एकच विचारलं, "दात पहिल्यासारखे जुळतायत का?" त्याने मान हलवली, नाही. या एका प्रश्नाला मी अर्ध्या एक्स-रेएवढी किंमत देते. स्वतःचे दात एकमेकांवर कसे बसतात हे माणसाला केसभराच्या फरकाने कळतं, जेवताना खडा लागावा तसं.

तपासलं तर उजवीकडे खालचा सुळा आणि पहिली उपदाढ यांच्यामध्ये पायरी पडलेली, बोटाने दाबलं की दोन तुकडे वेगवेगळे हलतात. जिभेखाली काळंनिळं रक्त साकळलेलं, म्हणजे जबडा मोडल्याची जवळजवळ पावतीच. खालच्या ओठाचा उजवा अर्धा भाग बधिर. आणि डाव्या कानापुढे दाबलं की हा ओरडायचा, तोंड उघडायला सांगितलं की हनुवटी डावीकडे पळायची, डाव्या दाढा आधी टेकायच्या आणि उजवीकडे फट राहायची. ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढायच्या आधीच चित्र स्पष्ट होतं. हनुवटीच्या उजव्या बाजूला मार, तिथे एक फ्रॅक्चर, आणि तो धक्का कमानीतून पलीकडे जाऊन डाव्या कानापुढे दुसरं. खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो, एका जागी आपटला की बऱ्याचदा दुसऱ्या जागी पण तुटतो, त्यामुळे एक फ्रॅक्चर सापडलं की दुसरं शोधायचंच. ओपीजीत तेच दिसलं, उजवं पॅरासिम्फिसिस, म्हणजे हनुवटीच्या बाजूला, आणि डावं सबकंडायलर, म्हणजे सांध्यातल्या गोळ्याच्या (कंडाइलच्या) जरा खाली, त्या गोळ्याच्या मानेपाशी. कंडाइल किंचित झुकलेलं होतं, सांध्यातून बाहेर मात्र आलेलं नव्हतं.

त्या रात्री मी फक्त एक काम केलं, ब्रायडल वायर. फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन दातांभोवती भूल देऊन एक तार फिरवायची, तुकडे हाताने जुळवायचे आणि तार पिळायची. पाच-सात मिनिटांचं काम. इलाज म्हणून हे काहीच नाही, पण हाडाचे तुकडे एकमेकांवर घासायचे थांबतात, रक्त थांबतं आणि पेशंटला झोप लागते. काही ठिकाणी अशा पेशंटला नुसतं डोक्यावरून हनुवटीखालून बँडेज गुंडाळून पाठवतात, ते बघितलं की माझं डोकं फिरतं. त्या बँडेजने खालचा जबडा मागे ढकलला जातो आणि श्वासाला अडथळा होतो.

आता खरा प्रश्न. उजवीकडचं हाड तारेने जबडा बंद ठेवून पण जुळतं, जुन्या काळी असंच करायचे, पण त्याला मोठ्या माणसात चार ते सहा आठवडे पूर्ण शांतता लागते. डावीकडचं कंडाइल मात्र सांध्याला लागून आहे आणि सांध्याला शांतता सहन होत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या वर बंद ठेवला तर तो आखडायला लागतो, तोंड उघडणं कमी होतं, आणि लहान मुलांमध्ये तर हाड सांध्याला चिकटून जबडा कायमचा बंद होऊ शकतो. मी शिकत असताना असं एक पोर बघितलेलं, लहानपणी पडलेलं, कुणी लक्ष दिलं नाही, आठव्या वर्षी दोन दातांमध्ये फक्त चमच्याची कड जाईल एवढं तोंड उघडायचं. ते चित्र डोक्यातून जात नाही. तर इथे एकाच जबड्यात एका हाडाला सहा आठवडे पाहिजेत आणि दुसऱ्याला दोन. नुसत्या तारेने हे गणित सुटत नाही.

म्हणून ठरवलं की उजवीकडे उघडून टायटॅनियमच्या छोट्या प्लेट लावायच्या, म्हणजे त्या हाडाची तारेवरची भिस्त संपली, आणि डाव्या कंडाइलला हात न लावता त्याच्यापुरताच जबडा दोन आठवडे बांधायचा. कंडाइल पण उघडून प्लेट लावता येते, आजकाल बरेच जण लावतात, आणि गोळा बाहेर आलेला असता किंवा डावी बाजू फार आखूड झाली असती तर मी पण लावली असती. पण तिथून चेहऱ्याची नस जाते, आणि इतक्या कमी झुकलेल्या फ्रॅक्चरसाठी ती जोखीम घ्यायला मन घेईना.

घरच्यांशी बोलताना दोन गोष्टी मुद्दाम विचारल्या. एक, फिट येतात का. नाही. दोन, दारू. त्याच्यासमोर विचारलं तर "कधीतरी", मग बायकोला बाजूला घेऊन विचारलं तर रोज रात्री क्वार्टर. हे कळणं फार गरजेचं असतं, कारण रोज पिणाऱ्याची दारू दवाखान्यात अचानक बंद झाली की दोन-तीन दिवसांत तो थरथरायला लागतो, बरळतो, उलट्या होतात, आणि त्याच वेळी आपण त्याचं तोंड तारेने शिवलेलं असतं. फिजिशियनला आधीच सांगितलं, त्यांनी औषधं चालू केली, आणि ऑपरेशन तिसऱ्या दिवसावर ढकललं. बायकोला विचारलं नसतं तर ही केस वेगळ्या कारणाने लिहावी लागली असती.

ऑपरेशन

भूल पूर्ण, श्वासाची नळी नाकातून. तोंडातून नळी टाकली तर दात एकमेकांवर बसवता येत नाहीत आणि दात बसवणं हेच तर काम आहे. कवटीचा तळ मोडलेला नाही ना हे आधी बघितलं ते यासाठी, कारण तो मोडलेला असेल तर नाकातून काही घालणं धोक्याचं.

आधी दोन्ही जबड्यांवर आर्च बार. धातूची लवचिक पट्टी असते, तिला बारीक हुक असतात, दातांच्या बाहेरून कमानीसारखी वाकवून प्रत्येक दाताला वेगळ्या तारेने बांधायची. वरच्या पट्टीचे हुक वर तोंड करून, खालच्या पट्टीचे खाली. तार २६ गेजची स्टेनलेस स्टीलची, वापरायच्या आधी जरा ताणून घेतलेली, नाहीतर दोन दिवसांत आपोआप सैल पडते. आणि पिळायची नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे पुढच्या वेळी दुसरा कुणी घट्ट करायला बसला तरी त्याला दिशा माहीत असते. हा नियम कुणी मोडला की आमच्याकडे शिव्या बसतात. पिळलेलं टोक कापून दातांच्या मध्ये वाकवून दाबायचं, नाहीतर रात्रभर ते गाल सोलत बसतं. तारेने हातमोजे फाटतात आणि बोटाला भोक पडतं, म्हणून दोन जोड मोजे आणि हेपेटायटिसची लस झालेली असणं, याला पर्याय नाही.

आर्च बारच का, हे ज्युनिअरने विचारलं म्हणून सांगते. सगळ्यात साधी पद्धत गिल्मरची, १८८७ ची, वरच्या आणि खालच्या दाताभोवती एकेक तार फिरवायची आणि दोघींची टोकं एकत्र पिळायची. पटकन होते, पण तोंड उघडायचं म्हटलं की सगळं कापून परत पहिल्यापासून. आयव्ही लूपमध्ये शेजारच्या दोन दातांना मिळून एक छोटं कडं तयार करतात आणि वरच्या-खालच्या कड्यांतून तार ओवतात, कडी तशीच ठेवून मधली तार सोडता येते. दात मजबूत असतील आणि थोडेच दिवस बांधायचं असेल तर मला ती आवडते. स्क्रू पण मिळतात, हिरडीतून थेट हाडात चार-सहा मारायचे आणि त्यांना तार अडकवायची, अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत होतं, फक्त दाताच्या मुळात घुसायला नको. पण स्क्रू हे चार खांब झाले आणि मला ह्याच्या प्रत्येक दाताला आधार पाहिजे होता, शिवाय तार काढल्यावर पुढचे काही आठवडे रबरं वेगवेगळ्या दिशेने लावायची होती. हुकांची रांग लागली की ते सोपं जातं. म्हणून आर्च बार, वेळ जास्त गेला तरी. तशी कल्पना काही नवीन नाही, हिपोक्रेटिसने पण मोडलेल्या जबड्याचे दात सोन्याच्या तारेने किंवा लिननच्या दोऱ्याने बांधायला सांगितलंय.

इथे एक गंमत झाली. दात जुळवायला घेतले तर ज्युनिअर म्हणाला मॅडम पुढचे दात जुळत नाहीयेत, खालचे जरा मागे घेऊ का. पुस्तकाप्रमाणे वरचे पुढचे दात खालच्यांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असतात, ह्याचे कडेला कड टेकत होते. त्याला म्हटलं दातांच्या कडा बघ. वरच्या-खालच्या चारही पटाशीच्या दातांच्या कडा सपाट घासलेल्या होत्या, आरशासारख्या, आणि एकमेकांवर ठेवल्या की कुलपात किल्ली बसावी तशा बसत होत्या. म्हणजे हा माणूस जन्मभर असाच चावत आलाय. बायकोच्या फोनमधला लग्नातला हसरा फोटो आदल्या दिवशीच मागून ठेवलेला, त्यातही तसंच. आपल्याला त्याचे दात सरळ करायचे नव्हते, त्याचे त्याला परत द्यायचे होते. पुस्तकातला बाईट दिला असता तर शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं हेच सांगितलं असतं, दात जुळत नाहीत.

मग तात्पुरता जबडा बांधला, खालच्या ओठाच्या आतून चीर घेऊन हाड उघडं केलं, मेंटल नर्व्ह, म्हणजे खालच्या ओठाची नस, जपत बाजूला धरली, ती ताणलेली होती पण तुटलेली नव्हती. दोन प्लेट, वरची दातांच्या मुळांच्या खाली आणि दुसरी तिच्याखाली हाडाच्या कडेजवळ. हनुवटीच्या भागात हाडाला पीळ बसतो म्हणून तिथे एक पुरत नाही, दोन लागतात, हे शँपी यांनी १९७० च्या दशकात मांडलेलं गणित अजून चालतं. प्लेट बसल्यावर बांधलेलं सोडलं, जबडा हाताने उघडून-मिटून बघितला, दात जागेवर येतायत ना. येत होते.

आणि थ्रोट पॅक. घशात रक्त जाऊ नये म्हणून भरलेलं गॉज काढल्याशिवाय तोंड बंद करायचं नाही. आमच्याकडे बोर्डवर लिहितात आणि काढल्यावर सिस्टर मोठ्याने बोलते "पॅक आऊट", भूलतज्ज्ञ परत बोलतात "पॅक आऊट". ऐकायला नाटकी वाटेल, पण तोंड बंद केलेल्या पेशंटच्या घशात गॉज राहणं म्हणजे काय हे डोळ्यासमोर आणून बघा.

जबडा त्याच दिवशी बंद केला नाही. रात्रभर उघडाच ठेवला, पूर्ण शुद्धीत आल्यावर, मळमळ नाही हे बघून दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसवून चार तारा लावल्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन, सगळ्या दाढा-उपदाढांच्या भागात. पुढच्या दातांवर मुद्दाम काही नाही, त्यांची मुळं एकेरी आणि निमुळती असतात, ताण आला की दात हळूहळू बाहेर ओढले जातात. रबराने पण बंद करता आलं असतं, पण लिलाव पुकारणाऱ्या माणसाने दुसऱ्याच दिवशी फोनवर भाव सांगायला रबरं काढली असती. तारेवर माझा जास्त विश्वास होता, त्याच्यावर कमी.

घरी

पाचव्या दिवशी डिस्चार्ज. माझ्या मते इथून पुढचे दिवस हेच खरे ऑपरेशन, आणि ते त्याची बायको आणि आई करत होत्या.

वायर कटर हातात दिला आणि बायकोला शिकवलं, कुठल्या चार तारा कापायच्या, कुठल्या पट्टीला हात लावायचा नाही. माझ्यासमोर आर्च बारच्या मॉडेलवर दोनदा कापून दाखवायला लावलं. कटर कुठे ठेवायचा तर उशाशी दोरीने बांधून, प्रवासात खिशात. "फ्रीजवर ठेवते" म्हणाली, म्हटलं ताई रात्री दोन वाजता अंधारात फ्रीजवर हात फिरवत बसणार का.

उलटी झालीच, डिस्चार्जनंतर दुसऱ्याच रात्री. तोंड बांधलेल्या माणसाला उलटी झाली की घरात कालवा होतो, आईने तर देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. पण बायकोने आधी त्याला पुढे वाकवून बसवलं, डोकं खाली, गाल दोन्ही बोटांनी बाजूला ओढले. पोटात सगळं पातळच होतं, ते दातांच्या फटींतून आणि अक्कलदाढेच्या मागच्या मोकळ्या जागेतून बाहेर आलं. कटर तिच्या दुसऱ्या हातात होता, वापरायची वेळ आली नाही. मला सकाळी फोनवर सांगताना तिचा आवाज थरथरत होता पण सगळं बरोबर केलेलं. कापायचा तो श्वास अडला तरच, नुसत्या घाबरण्याने कापलं तर परत येऊन बांधावं लागतं, पण शंका आली तर कापायचंच, तार काय परत बांधता येते.

खाण्याचं मात्र पहिल्या चार दिवसांत चुकलं, आणि त्यात माझी पण चूक होती कारण मी नुसतं "पातळ द्या" म्हटलं. त्यांनी चहा, नारळपाणी, उसाचा रस आणि ग्लुकोज दिलं. सातव्या दिवशी वजन ६८ वरून ६४, चक्कर येत होती. मग त्याच्या आईबरोबर बसले आणि पातेली मोजली. सकाळी नाचणीचं सत्त्व दुधात, मग शेंगदाण्याचं बारीक वाटलेलं कूट घालून दूध-केळं मिक्सरमधून काढून गाळलेलं, दुपारी मुगाचं कढण तूप घालून, संध्याकाळी ज्वारीचं आंबील ताक घालून, रात्री मटणाचं अळणी सूप, मटण शिजवून त्यातच वाटून सुती कापडातून पिळून. मावशी म्हणाल्या "हे अळणी सूप तर बाळंतिणीला देत्यात." म्हटलं ह्याला पण बाळंतीणच समजा, दोन-दोन तासांनी. मोठ्या सिरिंजला रबरी नळी लावून ती गाल आणि दाढा यांच्यामधून मागे न्यायची, हळूहळू सोडायचं. स्ट्रॉने ओढायला पहिले दिवस ओठ सुजलेला आणि बधिर, त्यामुळे अर्धं गळून शर्टावर यायचं. गोळ्यांऐवजी शक्यतो सिरप. वजन ६३ ला थांबलं आणि पुढे घसरलं नाही.

दातांसाठी लहान मुलांचा मऊ ब्रश, प्रत्येक वेळी खाल्ल्यावर कोमट मिठाचं पाणी, दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या जंतुनाशक गुळण्या. बाहेरून ब्रश फिरतो, आतून फिरत नाही, तिथे जीभच झाडू. एक तार गालाला टोचायची तिथे दात सरळ करणारे ऑर्थोवाले देतात तसलं मेण चिकटवायला दिलं.

नवव्या दिवशी तपासायला आला तर खालच्या ओठाच्या आत, बरोबर टाक्यांवर, काळपट काहीतरी. मला वाटलं रक्ताची खपली. चिमट्याने उचललं तर मावा. तोंड उघडत नाही तरी तंबाखू ओठात बसतेच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टाके दोन ठिकाणी उसवलेले, प्लेट दिसत नव्हती पण फार दूरही नव्हती. ओरडले, मग जखम सलाइनने धुतली, रोज येऊन धुवायला लावली, आठ-दहा दिवसांत भरली. दारू विचारली होती, तंबाखू विचारली नव्हती, म्हणजे विचारली होती पण फॉर्मवर टिक करायला. आता मी प्रत्येक जबडा बांधलेल्या पेशंटला ओठ ओढूनच बघते.

याच व्हिजिटला त्याची मामेबहीण बरोबर आलेली, तिने बाहेर थांबून हळूच विचारलं, मॅडम पाच किलो कमी झालंय त्याचं, माझा पण बांधाल का, मे महिन्यात लग्न आहे. हसायची गोष्ट नाही, लोक हे खरंच करायचे, १९७० च्या दशकात वजन कमी करायला जबडे बांधायची टूम निघालेली, आणि २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाच्या लोकांनी दाढांना चुंबक लावून तोंड फक्त दोन मिलिमीटर उघडेल असं उपकरण केलेलं. सात बायकांवर दोन आठवडे वापरलं आणि सरासरी सहा किलोच्या वर वजन उतरलं, आणि जगभरातून त्यांना छळाचं हत्यार बनवलं म्हणून शिव्या पडल्या. अडचण अशी की तार सुटली की वजन परत येतं, कारण भूक काही जबड्यात नसते. आणि तोंड बंद असलं तरी आइस्क्रीम वितळून आत जातंच. तिला सांगितलं की तुझ्या भावाचं जे उतरलंय त्यात चरबीबरोबर स्नायू पण गेलेत, त्याला विचार जिना चढताना कसं वाटतं.

सोडायचा दिवस

बांधल्यापासून चौदाव्या दिवशी त्याला बोलावलं. तो खूश, पण घरचे नाखूश. कुणीतरी ओळखीच्या डॉक्टरने फोनवर सांगितलेलं की जबड्याला सहा आठवडे लागतात, एवढ्या लवकर काढू देऊ नका. त्यांचं चुकीचं नव्हतं, त्यांना एकच फ्रॅक्चर माहीत होतं. वडील म्हणाले "अजून पंधरा दिवस राहू द्या की, हाड पक्कं हुईल." लोकांना तार जास्त दिवस ठेवणं म्हणजे जास्त इलाज वाटतो, प्लास्टरसारखं. मी ओपीजी लाइटवर लावून दोन्ही बाजू दाखवल्या, उजवीकडे प्लेट आहे तिला तार नको, डावीकडे सांधा आहे त्याला आता हालचाल पाहिजे, बसून राहिलेल्या बिजागरीला गंज चढतो. बिजागरी म्हटल्यावर त्यांना पटलं.

चार तारा कापल्या. आर्च बार तसेच ठेवले. पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा १४ मिलिमीटर, म्हणजे एक बोट जेमतेम, आणि हनुवटी डावीकडे. तो घाबरला, त्याला वाटलेलं तार काढली की लगेच वडापाव. मग डाव्या बाजूला तिरकी रबरं, वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत, म्हणजे त्या बाजूचा खालचा जबडा पुढे ओढला जातो आणि हनुवटी मध्ये येते. आधी दिवसरात्र, फक्त खाताना आणि व्यायामाला काढायची, दोन आठवड्यांनी फक्त रात्री. खाणं अजून मऊच, खिमट, दहीभात, कुस्करलेली केळी, कारण प्लेट असली तरी हाड अजून ओलं असतं आणि भाकरीचा पापुद्रा चावायला ते तयार नसतं.

व्यायाम दोन. आरशावर मार्करने उभी रेघ मारायची आणि हनुवटी त्या रेघेवरून न हलता तोंड उघडायचं-मिटायचं. आणि कुल्फीच्या काड्या. दोन दातांमध्ये मावतील तेवढ्या काड्या एकावर एक ठेवायच्या, दोन दिवसांनी मधोमध एक सरकवायची. काड्यांचा फायदा असा की पेशंटला आकडा कळतो, "मॅडम आज अकरा गेल्या." ह्याने मार्केटमधल्या हमालांना काड्या मोजून दाखवायला सुरुवात केली, त्यांनी त्याच्यावर पैजा लावल्या, कुणाच्या का निमित्ताने होईना व्यायाम झाला.

चौथ्या आठवड्याला २७ मिलिमीटर, सहाव्याला ३६. सहाव्या आठवड्यात रबराशिवाय दात आपोआप जागेवर येऊन बसायला लागले, कडेला कड, त्याचे जुनेच, तेव्हा आर्च बार काढले. काढताना तारा कापून एकेक ओढाव्या लागतात, हिरडीतून रक्त येतं, सगळ्यांना वाटतं हे नुसतं उचकटून येईल, तसं होत नाही. अर्धा तास लागला. दात थोडे हलत होते, पंधरा दिवसांत घट्ट झाले.

तिसऱ्या महिन्यात आला तेव्हा ४१ मिलिमीटर, पूर्ण उघडलं की शेवटच्या टप्प्यात हनुवटी दोनेक मिलिमीटर डावीकडे जाते, ती राहील बहुतेक आणि त्याचा त्याला काही त्रास नाही. लिलावाला पाचव्या आठवड्यापासूनच जायला लागलेला, मला न विचारता, फक्त शेजारच्याला पुकारायला लावून स्वतः बोटांनी भाव दाखवायचा. आता स्वतः पुकारतो. ओठाचा बधिरपणा ओसरत आलाय, एक रुपयाच्या नाण्याएवढा भाग अजून आहे, दाढी करताना तिथे ब्लेड लागलं तर रक्त दिसेपर्यंत कळत नाही म्हणून त्याने ट्रिमर घेतलाय. पुढची तारीख सहाव्या महिन्याची, तेव्हा परत ओपीजी काढून डावी आणि उजवी बाजू उंचीला जुळवून बघायच्या आहेत. हॉस्पिटलचा कटर आणायला सांगितलाय, दोन वेळा विसरला.